धाकटीच्या जागेतला पब

धाकटीचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. रिसीव्हर खांद्यावर धरून उलथणं फिरवत राहिले.

"ताई, रविवारी तुम्ही सगळे या. आमच्या जागेत पब उघडतोय. संध्याकाळपासून लोकांसाठी, पण दुपारी घरच्यांसाठी पूजा आणि जेवण ठेवलंय."

"पब म्हणजे?" मी विचारलं. पब म्हणजे काय हे मला माहीत होतं. वर्तमानपत्र रोज वाचत होते मी. पण तिनं ते तोंडानं सांगावं आणि सांगताना जरा अडखळावं, एवढीच इच्छा होती.

ती अजिबात अडखळली नाही. "अगं, मुंबई-पुण्याला त्यांच्या बऱ्याच शाखा आहेत. नाशिकमध्ये पहिलीच. खालचा अख्खा मजला त्यांनी भाड्यानं घेतलाय."

"म्हणजे बारच ना?"

"बार असतो त्यात. पण जेवण असतं, गाणी असतात, घरचे लोक येतात. तू ये तर खरं."

फोन ठेवला तोवर शेंगदाणे करपले होते. आमचे हे पडवीत नववीचे पेपर तपासत बसले होते. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ या की. कधी पाहिला नाही आपण पब." त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. एखादा माणूस इतका निर्मळ असू शकतो याचा मला त्या वेळी रागच आला.

मला तिथं का जायचं नव्हतं ते सांगायचं तर पंधरा वर्षं मागं जावं लागेल.

आमचं माहेर नाशिकजवळच्या मखमलाबादचं. वडिलांचा फुलांचा मळा होता, गुलाब आणि शेवंती. आम्ही दोघी बहिणी, तिच्यात आणि माझ्यात तीन वर्षांचं अंतर, आणि सगळ्यांत धाकटा भाऊ. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या भावकीत बी.ए. झालेली दुसरी मुलगी नव्हती. त्याची मला फार ऐट होती. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास मला एक स्थळ सांगून आलं. नाशिकला गंगापूर रोडवर, आनंदवल्लीच्या अलीकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठावर त्यांचा भाजीचा मळा. मेथी, कोथिंबीर, पालक. मुलगा बारावी झालेला, आई-वडिलांना एकुलता एक.

तो पाहायला आला तो लूनावर. अंघोळ करून, नवीन शर्ट घालून आला होता, पण त्याच्या अंगाला मेथीचा वास होता. त्याच्या आईनं माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "जुड्या बांधता येत्यात का गं?" त्या बाईच्या पायांच्या भेगांत चिखल वाळलेला होता. त्या भेगाच मला दिसत राहिल्या.

रात्री मी वडिलांना सांगितलं, "मी बी.ए. झाले ते जुड्या बांधायला नाही."

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. पुढं दोन महिन्यांत चांदवडचं स्थळ आलं. माध्यमिक शाळेत इतिहासाचे शिक्षक, कायम नोकरी, शांत माणूस. मी हो म्हटलं. आणि वर्षभरानं अण्णांनी धाकटीला त्याच आनंदवल्लीच्या घरात दिलं.

पहिली काही वर्षं मी फार सुखात होते, आणि त्या सुखात धाकटीचा वाटा मोठा होता. दिवाळीला माहेरी आम्ही दोघी यायचो. मी इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन. ती थकलेली, पोरीला कडेवर घेऊन. तिच्या बोटांना हिरवट काळा रंग चढलेला असायचा, कितीही घासलं तरी न जाणारा. आई तिला हळद-तेल लावायची. मी समोर बसून त्या हातांकडं पाहायचे. वाईट वाटायचं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे बरं वाटायचं. आपण वेळेवर नाही म्हटलं, असं मनात यायचं.

मग गंगापूर रोड बदलला. कसा आणि कधी ते मला चांदवडला बसून कळलंच नाही. एका दिवाळीला गेले तर त्यांच्या मळ्याच्या शेजारी डॉक्टरांचे दोन बंगले उभे होते. पुढच्या दिवाळीला रस्ता रुंद झाला होता आणि दुकानांच्या पाट्या इंग्रजीत होत्या. मेहुण्यांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, रस्त्याकडची जमीन विकली नाही. लोक विका म्हणत होते, तो थांबला. मग एका बिल्डरबरोबर भागीदारीत इमारत बांधली. नदीकडच्या बाजूला स्वतःचा बंगला बांधला. लूनावर आलेला तो माणूस पांढऱ्या गाडीतून उतरायला लागला, तरी बोलणं तेच, हसणं तेच. त्यानं जरा माज केला असता तर मला सोयीचं झालं असतं.

धाकटीचे हात गोरे झाले. तिनं केस कापले. ती गाडी चालवायला शिकली. माझी मुलगी सुट्टीत चार दिवस मावशीकडं राहून आली की आठवडाभर आमच्या घरात तिला काही ना काही खुपायचं. "मावशीकडे असं नसतं," एवढंच म्हणायची. मी एकदा तिच्या पाठीत धपाटा घातला. ती का रडते हे आमच्या ह्यांना समजेना आणि मला सांगता येईना.

तर तो रविवार.

सकाळी कोणती साडी नेसायची यावर माझा तासभर गेला. शेवटी लग्नातली पैठणी काढली. एसटीत बसल्यावर समजलं की चुकलं. ओझरपर्यंत काखेत घाम आला होता. नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला मी पत्ता सांगायला लागले तर तो म्हणाला, "तो नवीन पब ना? माहितीये."

इमारतीच्या दारात झेंडूची तोरणं होती, भावानं मखमलाबादहून आणलेली. तोरणाखाली काळ्या कपड्यातला उंच पहारेकरी उभा होता, त्याच्या कपाळाला कुंकू लावलेलं. आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. बाहेर टळटळीत ऊन, आत दिवेलागणीसारखा उजेड. गार हवा. विटांच्या उघड्या भिंती, मुद्दाम गिलावा न केलेल्या. चामड्याचे सोफे, उंच उंच स्टुलं. आणि पलीकडं सबंध काच, काचेतून दिसणारी नदी. मी लहानपणापासून गंगा पाहिलेली आहे. कपडे धुणारी, गर्दीची, रामकुंडावरची. ही नदी वेगळी वाटत होती, जणू त्यांनी फर्निचरबरोबर मागवून घेतलेली.

धाकटी समोरून आली. फिक्या निळ्या रंगाचा साधा सुती ड्रेस, कानात दोन मोती. माझ्या पैठणीकडं तिनं पाहिलं आणि म्हणाली, "किती छान दिसतेस गं." ती मनापासून म्हणाली असेल. मला मात्र त्या क्षणी पदर ओढून अंगावरची सगळी जर झाकावीशी वाटली.

पूजा बारच्या काउंटरसमोर मांडली होती. मागं भिंतभर बाटल्या, वरपासून खालपर्यंत. धाकटीच्या सासूबाईंनी हट्ट धरला होता की देवाच्या पाठीशी दारू नको. म्हणून सगळ्या बाटल्यांवर टेबलावरच्या पांढऱ्या चादरी टाचण्यांनी लावून टाकल्या होत्या. तरी दोन चादरींच्या फटीतून काही बाटल्या डोकावत होत्या. मुंबईहून आलेला मॅनेजर, टाय लावलेला तरुण माणूस, हात जोडून मांडी घालायचा प्रयत्न करत होता. सत्यनारायणाच्या कथेचा चौथा अध्याय चालू असताना गुरुजींनी धुपाटण्यात राळ टाकली आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. मॅनेजर उठून धावला. गुरुजी क्षणभर थांबले आणि मग आवाज चढवून भोंग्याच्या वर पोथी वाचू लागले. सगळे हसले. आमचे हे तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, पण माझ्या हसण्यात वेगळंच काही होतं. निदान एक गोष्ट तरी बिघडली, असं ते हसू होतं.

आरती झाली, शिऱ्याचा प्रसाद झाला. चादरी निघाल्या. गाणी सुरू झाली, इंग्रजी, बेताच्या आवाजात. आणि मग काळे एप्रन बांधलेली वाढपी मुलं ताटल्या घेऊन फिरायला लागली. मेहुणे आमच्या ह्यांना सगळीकडं फिरवून दाखवत होते. "सर, हे बघा, इथं बिअर नळानं येते." आमचे हे नळाकडं वाकून पाहत होते, विज्ञानाचा प्रयोग पाहावा तसे. मुलगी मावशीच्या मुलीबरोबर काचेपाशी बसून उंच पेल्यातलं लाल सरबत पीत होती.

धाकटीनं मला नदीकडच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. तिथं तिच्या सासूबाई होत्या, नऊवारीत, पाय वर घेऊन आरामात बसलेल्या. आणि तिच्या शेजारणी, तीन-चार. त्यातली एक डॉक्टरांची बायको होती. तिच्या हातात खराखुरा वाइनचा पेला होता आणि दुपारच्या वेळी तो धरताना ती जराही बावरलेली नव्हती. माझ्यासमोर पुदिना आणि लिंबू घातलेलं काहीतरी आलं. मेनूवर त्याचं नाव वाचलं तर मला उच्चारता येईना. चव मात्र आमच्या घरच्या लिंबू सरबताची होती, सोड्याचे बुडबुडे सोडले तर.

"तुम्ही कुठं असता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चांदवडला. हे शिक्षक आहेत तिथं."

"अच्छा. शांत असेल ना तिकडं," त्या म्हणाल्या. मग धाकटीकडं पाहून, "तुमच्या बहिणीची आवड फार छान आहे हं. भिंतीच्या विटा तशाच ठेवा हे कंपनीच्या लोकांना तिनंच सुचवलं."

"माहितीये का," दुसरी म्हणाली, "आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत हुशार हीच. बी.ए. नाही की काही नाही, पण डोकं बघा."

धाकटी लाजून हसली. तिच्या त्या लाजण्यात जी सहजता होती ती मला सोसवेना. माझ्या अंगावरची पैठणी टोचत होती. मी पेला खाली ठेवला आणि ऐकलं की मीच बोलतेय.

"हे स्थळ आधी मला आलं होतं," मी म्हटलं. "मी नको म्हटलं, म्हणून हिला दिलं."

एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात ते वाक्य बाहेर पडलं आणि सगळीकडं ऐकू गेलं. मेहुण्यांनी मान वळवली. त्यांच्या शेजारी नळापाशी उभे असलेले आमचे हे, त्यांनी वळवली नाही. ते नळाकडंच पाहत राहिले.

धाकटीच्या सासूबाई बोलल्या, अगदी निवांतपणे.

"खरं हाय. आमी थोरलीलाच पाह्यला गेलो व्हतो. ती नाय म्हणली." त्यांनी धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लय बरं झालं बाई. आमाला ही गावली."

शेजारणी हसल्या, सुटका झाल्यासारख्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सो स्वीट." दुसरं गाणं सुरू झालं. त्या म्हातारीच्या मनात मला टोचायचं काहीही नव्हतं. तिनं फक्त तिच्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट सांगितली होती. मला कोणी थोबाडीत मारली असती तरी ते परवडलं असतं.

मी उठून बाथरूममध्ये गेले. काळा दगड, काळाच आरसा असावा असा अंधुक उजेड, हाताखाली आपोआप येणारं पाणी. मी तोंड धुतलं. मागं दार उघडलं. धाकटी आत आली आणि तिनं कडी लावली.

"का बोललीस?"

"सहज गेलं तोंडातून."

"सहज नाही गेलं."

लहानपणी भांडण झालं की ती रडायची आणि मी जिंकायचे. आज ती रडत नव्हती.

"तू नाही म्हणालीस," ती म्हणाली. "तुला नाही म्हणता आलं, ताई. मला कोणी विचारलं होतं? अण्णा मला म्हणाले, थोरलीनं माझा शब्द घालवला, आता तू सांभाळ. माझा डी.एड.चा फॉर्म भरलेला होता. पोस्टात टाकायचा राहिला तो राहिलाच."

मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणजे, तिला डी.एड. करायचं होतं एवढं कधीतरी ऐकलं होतं. फॉर्म भरलेला होता हे नव्हतं ऐकलं.

"आठ वर्षं मी वाफ्यात बसून जुड्या बांधल्या. सासूबाई माझ्या बरोबरीनं बसायच्या म्हणून तगले. आणि दिवाळीला तू यायचीस आणि माझे हात बघायचीस. बघायचीस ना? मला दिसायचं."

"हो," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडून हो येईल असं समजून आली नव्हती बहुतेक. मग कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिला. "तोंड पूस. दाजी बाहेर एकटेच आहेत," असं म्हणून निघून गेली.

जेवण झालं. कोंबडीचे काडीला लावलेले तुकडे, पिझ्झा, आणि सासूबाईंसाठी वेगळी पिठलं-भाकरी. मी काय खाल्लं ते आठवत नाही. निघताना मेहुण्यांनी नेहमीसारखं वाकून नमस्कार केला. "ताई, पुन्हा या. आपलीच जागा आहे." त्या माणसाच्या मनात काही राहत नाही. धाकटीनं माझ्या मुलीच्या हातात खाऊचा डबा दिला, माझ्याकडं पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीला टेकून झोपली. पिंपळगावच्या स्टँडवर गाडी थांबली, बाजूनं द्राक्षाच्या क्रेटचे टेम्पो चालले होते, तेव्हा ह्यांनी विचारलं, "तुला खरंच तिथं असायला हवं होतं असं वाटतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"पटकन म्हणालीस," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. विद्यार्थ्यानं पाठ केलेलं उत्तर दिलं की ते असंच म्हणायचे. गाडी सुटली. हेव्याची खरी शिक्षा मला त्या बाकावर मिळाली. ज्या माणसानं माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं, त्याला मी भरल्या खोलीत सांगितलं होतं की तू माझी चूक आहेस. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. आजतागायत.

धाकटीचा सात महिने फोन नाही. मीही केला नाही. भाऊबीजेला माहेरी भेटलो. भाऊ ओवाळून घेऊन बाहेर गेला होता, आई झोपली होती, आम्ही दोघी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. एक चादर दोघींनी धरली, घडी घालताना समोरासमोर आलो.

"मला तुझा हेवा वाटतो," मी म्हटलं. आधी ठरवून गेले नव्हते. "त्या दिवशी म्हणून नाही. बरीच वर्षं."

"माहितीये."

"तुला राग नाही येत?"

ती चादरीची टोकं जुळवत राहिली. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू. मला बरं वाटायचं. तू येणार असलीस की मी मुद्दाम नवीन कपबशा काढून ठेवायचे. तू त्यांच्याकडं बघतेस का ते बघायचे."

मला हसू आलं, आणि तिला माझ्यानंतर आलं. गळ्यात गळे वगैरे घातले नाहीत. राहिलेले कपडे काढले आणि खाली आलो. त्या पबवर आम्ही पुन्हा बोललो नाही. तो तीनेक वर्षं चालला, मग कंपनीनं तिथून गाशा गुंडाळला आणि त्या मजल्यावर चष्म्यांचं दुकान आलं.

पण एक सांगायला हवं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये धाकटीनं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. इतिहास विषय घेतला आणि आमच्या ह्यांना विचारलं, "दाजी, शिकवाल का?" ते दर दुसऱ्या रविवारी पुस्तकं घेऊन नाशिकला जायला लागले. एकदा मी बरोबर गेले होते. ती समोर वही घेऊन बसली होती आणि ते तिला एकेक गोष्ट सांगत होते. हात हलवून, डोळे मोठे करून. ती मध्येच थांबवून प्रश्न विचारायची आणि ते प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उजळायचा. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही त्यांचा विषय विचारला नव्हता.

मी स्वयंपाकघरात जाऊन धाकटीच्या सासूबाईंबरोबर लसूण सोलत बसले. तोच जुना हेवा पुन्हा जागा झाला होता, आणि या वेळी त्याला ना जमिनीचं कारण होतं, ना बंगल्याचं. बाहेरून त्यांचा आवाज येत होता. मी कान देऊन ऐकत होते, पहिल्यांदाच.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, लसूण झोंबला डोळ्याला," मी म्हटलं.

"लसूण कुठं झोंबतो," त्या म्हणाल्या, आणि पुढं काही विचारलं नाही.